नवी डिस्क दिसत नाही

माझे आई-वडील मिठागरात मजूर होते. दिवाळी झाली की आम्ही गावातल्या घराला कुलूप लावायचो आणि खाडीच्या बांधावर माडाच्या झापांच्या खोपटात राहायला जायचो. पाऊस जवळ आला की परत. वडील दिवसभर घोटाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढायचे. आई ते टोपलीतून डोक्यावर घेऊन बांधावर नेऊन टाकायची. ओल्या मिठाचं पाणी टोपलीतून तिच्या मानेवर गळायचं आणि तिथली कातडी सीझनभर सोललेली असायची. चहूकडे पाणी, पण पिण्याचं पाणी गावातून हंड्यानं आणायचं, आणि ते काम माझं. मी शाळेत पोहोचेपर्यंत पहिला तास संपत आलेला असायचा. बाई म्हणायच्या, "आल्या मिठागरावरच्या मॅडम." वर्ग हसायचा. मीही हसायचे, दुसरं काय करणार.

मोठ्या भावानं आठवीत शाळा सोडली आणि ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. तो गेला म्हणून मी शिकले. हे तो कधी बोलून दाखवत नाही, आणि मी कधी विसरत नाही. पुढे मिठागर बंद पडलं, त्यावर भराव पडला, आणि वडील घरी बसले ते बसलेच. त्याच वर्षी मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी छाती काढून सांगते. लोकांना ते मिरवणं वाटतं, तर वाटू दे. ज्यांच्या दिवाणखान्यात आजोबांपासूनच्या पदव्या टांगलेल्या असतात, त्यांना सांगावं लागत नसेल. आम्हाला सांगावं लागतं.

पदवी घेऊन आले आणि कामाला लागले पेणच्या एका फोटो स्टुडिओत. काम होतं लग्नाच्या फोटोंचे रंग नीट करायचं, चेहरे साफ करायचं, अल्बमची पानं लावायचं. ते मला जमलं. जमलं म्हणजे चांगलं जमलं. आमच्याकडच्या हळदीचे फोटो मुंबईच्या कुणाला करायला दिले की तो माणूस हळदीचा पिवळा रंग म्हणजे कॅमेऱ्याची चूक समजतो आणि नवरीला पांढरीफटक करून पाठवतो. हळद लागलेलं तोंड कसं दिसतं, दिव्याखाली कसं, मांडवातल्या हिरव्या कापडाखाली कसं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन वर्षांनी स्टुडिओच्या मालकांना मी म्हटलं, मी घरून करते. ते म्हणाले, "मशीन कुठलं आणणार?"

मशीन आणलं एका बंद पडणाऱ्या सायबर कॅफेतून. जुना डेस्कटॉप, तोही कुणी तरी आधी वापरलेला. कॅबिनेटची एक बाजू कायम काढलेली, कारण ती लावली की मशीन तापायचं. मी त्या उघड्या बाजूला टेबलफॅन लावून बसायचे. सुरुवातीला चाललं. मग कॅमेरे मोठे झाले, फोटोंच्या फाइली मोठ्या झाल्या, आणि माझं मशीन तेवढंच राहिलं. एक फोटो उघडायला दिला की आतली हार्ड डिस्क करकर करायला लागायची. पडद्यावर गोल फिरत राहायचं. मी भांडी घासून यायचे, तरी फिरतच असायचं. फोटो उघडला की चेहऱ्यावरचा एक डाग काढायचा, आणि पुन्हा गोल. कॉम्प्युटर कशात अडकलाय ते बघायची एक खिडकी असते, तिच्यात डिस्कच्या समोर कायम शंभर टक्के. प्रोसेसर निवांत बसलेला, मेमरी अर्धी रिकामी, आणि डिस्क एकटी घाम गाळतेय. म्हणजे दुखणं कुठे आहे ते मला स्वच्छ दिसत होतं.

अशात अलिबागजवळच्या थळ गावचं लग्न आलं.

लग्न मोठं होतं. मुलगा जहाजावर नोकरीला. हळद, लग्न, पूजा, सगळं धरून फोटोंचा ढीग. मालकांनी ढीग माझ्याकडे पाठवला आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला.

"मॅडम, पार्टीचा मुलगा लवकर चाललाय. कंपनीचं बोलावणं आलं. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी निघतो तो."

"म्हणजे अल्बम?"

"म्हणजे अल्बम त्याच्या आधी पाहिजे. त्याच्या आईचं म्हणणं आहे, पोरगा समोर असताना अल्बम बघायचाय. नंतर आठ-नऊ महिने तो दिसायचा नाही."

"बघते."

"बघते नको. हे बघा, तुमचं काम चांगलं आहे, नाही म्हणत नाही मी. पण दर वेळी उशीर. या वेळी वेळेत दिलंत तर पुढच्या सगळ्या लग्नांचं काम तुमच्याकडे. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मग परत मला बोलू नका."

त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. आणि हे काम गेलं की पुढे काय, ते घरात आधीच ठरल्यासारखं होतं. भावानं त्याच्या कुठल्याशा ओळखीनं बेलापूरच्या एका ऑफिसात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. दिवसभर आकडे भरायचे आणि तिकडेच चार मुलींत एक खोली घेऊन राहायचं. भाऊ वाईट विचारानं करत नव्हता. पण मी लहानपणचं अर्धं आयुष्य घराला कुलूप लावून दुसरीकडे राहण्यात काढलं होतं. मला आता माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मला येणारं काम करायचं होतं. एवढंच. हे मागणं फार नव्हतं.

त्या मशीनवर ते लग्न वेळेत होणं शक्य नव्हतं. नवीन मशीन घेणंही शक्य नव्हतं. एकच करता येण्यासारखं होतं. करकरणारी जुनी हार्ड डिस्क काढायची आणि तिच्या जागी एसएसडी बसवायची. ही डिस्क हाताच्या पंजाएवढी, आत काही फिरत नाही, म्हणून फाइली पटकन उघडतात. कॉलेजच्या एका मैत्रिणीनं तिच्या जुन्या मशीनला लावली होती, आणि ती म्हणाली होती की नवं मशीन आल्यासारखं वाटतं.

भाऊ आता ट्रकवर ड्रायव्हर होता, दारात ट्रक धूत होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, इंजिनच खटारा हाय, आणि तू टायर बदलतेस."

"हे टायर नाही. हेच इंजिन आहे."

"बरं बाबा, ग्रॅज्युएट मॅडम. तुमचंच खरं."

मी अलिबागला गेले. वडखळवरून एसटी पकडली. दुकानदार बोलका माणूस, अर्धं मराठी, अर्धं गुजराती. त्यानं डिस्क दिली, हाताच्या बोटांवर मला समजावलं. "बेन, एकदम इझी छे. जुनी डिस्क राहू द्या जागेवर. कॅबिनेटमध्ये दुसऱ्या वायरी मोकळ्या असतील, त्या हिला लावा. दोन्ही डिस्क चालू करा, जुन्यावरचं सगळं नव्यावर उतरवून घ्या. झालं की जुनी काढा. लहान पोर पण करेल."

लहान पोर पण करेल, हे वाक्य मी पुढचे तीन-चार दिवस मनात चघळत राहिले.

घरी आले. मोकळ्या वायरी खरंच होत्या. कधीकाळी सीडी चालवायचं खोकं होतं, ते बंद पडल्यावर काढलं होतं, त्याची डेटाची केबल आणि विजेची केबल आत लोंबकळत होती. दोन्ही नव्या डिस्कला लावल्या. मशीन चालू केलं. नवी डिस्क दिसेना.

बंद केलं, केबल काढून घट्ट बसवली, चालू केलं. नाही दिसत. परत केलं. या वेळी दिसली. मला हायसं वाटलं, नक्कल करायला लावली, आणि चहा ठेवायला उठले. चहा उकळायच्या आत पडद्यावर आलं की डिस्क सापडत नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून. या वेळी अर्ध्याच्या पुढे गेलं, आणि डिस्क गेली. एखाद्या गोष्टीनं अजिबात चालू नये, त्याचं एवढं काही नसतं. माणूस सोडून देतो. ही चालायची, आशा लावायची आणि मग पाठ फिरवायची.

पडवीतून वडिलांनी विचारलं, "काय गो बाय, दिसला का तुझा डबा?"

"दिसतो आणि जातो."

"म्हंजे लाईटीसारखा."

मला हसू आलं नाही.

व्हिडिओ बघितले. सगळ्या व्हिडिओंत एक माणूस स्वच्छ खोलीत, पांढऱ्या टेबलावर, चकचकीत कॅबिनेट उघडतो. केबल लावतो. डिस्क दिसते. तो हसतो. त्याच्या टेबलावर एक झाड असतं, खोटं. एकाही व्हिडिओत डिस्क न दिसण्याची वेळ येत नाही. खाली प्रतिक्रियांत माझ्यासारखे शंभर जण रडत असतात आणि त्यांना कुणी उत्तर दिलेलं नसतं.

केबल खराब असेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत अलिबाग. शनिवार होता. पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता इतका गच्च भरला होता की एसटी एका जागी उभी राहून हॉर्न तेवढा वाजवत होती. शेजारच्या गाडीतून एक बाई खिडकीतून हात काढून कणसाची दांडी रस्त्यावर टाकत होती. मला तिचाही राग आला. दुकानदारानं नवी डिस्क स्वतःच्या मशीनला लावली. ताबडतोब दिसली.

"बघा बेन. मस्त चालते."

"माझ्याकडे नाही चालत."

"तुमची केबल गेली असेल." त्यानं नवी केबल दिली. "तुम्ही सायन्सच्या का?"

"हो. बी.एस्सी."

"मग तर तुम्हाला येईलच."

घरी आले, नवी केबल लावली. पुन्हा तेच. दिसते, जाते. संध्याकाळी मालकांचा फोन आला. मी तो घेतला नाही. मग मला वाटलं, न घेणं वाईट दिसेल, म्हणून मीच केला. ते म्हणाले, "किती पानं झाली?" मी म्हटलं, "होतायत." होत काही नव्हतं. मी जुन्या डिस्कवरच हळदीचे फोटो उघडून बसले होते, आणि प्रत्येक फोटोला ते गोल फिरत होतं. फिरणाऱ्या गोलाकडे बघून माणूस वेडा होत असेल तर मी त्या वाटेवर बरीच पुढे गेले होते. आई जेवायला हाक मारून मारून थकली, शेवटी ताट टेबलावर आणून ठेवलं तिनं. कीबोर्डवर भाताचं शीत पडलं तर मी तिच्यावरही ओरडले.

रविवारी तिसऱ्यांदा अलिबाग. या वेळी कॅबिनेटच उचलून नेलं. भाऊ म्हणाला, "ट्रकनं सोडतो." एवढ्या मोठ्या ट्रकमध्ये ते एवढंसं खोकं मी मांडीवर घेऊन बसले. वाटेत तो म्हणाला, "मी काय बोलतोय, ऐक. बेलापूरवाला आजसुद्धा विचारत होता."

"मी हो म्हटलंय का?"

"न्हाय पण म्हटलेलं न्हाय."

"आता म्हणतेय. नाही."

"आणि हे न्हाय चाललं तर?"

"तू रस्त्याकडे बघ," मी म्हटलं.

दुकानात गर्दी होती. दुकानदारानं मशीन काउंटरच्या टोकाला ठेवलं, चालू केलं, डिस्क लावली, गेली. काढली, लावली, गेली. त्यानं आत वाकूनसुद्धा बघितलं नाही. "बेन, मदरबोर्ड गेला. जुना माल आहे. यावर आता खर्च करू नका. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, मी चांगलं करून देतो." मागे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकानं कॅबिनेटकडे बघून दुसऱ्याला म्हटलं, "हे म्युझियमला द्या." दोघं हसले. भावाचं तोंड रागानं लाल झालं. मी त्याचा हात धरला आणि बाहेर काढलं. एरवी तो मला म्हणतो ते त्याला म्हणायची पाळी आता माझी होती, "दादा, टेन्शन नको घेऊस."

परतताना खोकं पुन्हा मांडीवर. रागाच्या खाली एक विचार सरकत होता, पण रागामुळे तो नीट वर येत नव्हता. घरी आले, कॅबिनेट टेबलावर ठेवलं, हातपाय धुतले, आणि मग तो विचार आला. मदरबोर्ड गेलाय, तर मग जुनी डिस्क कशी चालते?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला बरंच काही शिकवलं गेलं, त्यातलं पुष्कळ विसरले. एक राहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. मी इतके दिवस रागारागानं सगळंच एकदम काढत-लावत होते. आता जुनी डिस्क काढली. तिचीच केबल, तिचीच वीज, तिचंच बोर्डावरचं भोक, ते सगळं नव्या डिस्कला दिलं. चालू केलं. मशीन सुरू होतानाच्या यादीत नवी डिस्क दिसली. बसून राहिले. चहा केला, प्यायले, कप धुतला. डिस्क जागेवर. म्हणजे बोर्ड गेला नव्हता. डिस्क गेली नव्हती. दोष होता फक्त मोकळ्या राहिलेल्या जागांत.

मोबाइलचा टॉर्च लावून मी त्या मोकळ्या भोकांत बघितलं. आत काही तरी काळसर, चकचकीत. टाचणी घातली आणि बाहेर काढली. टाचणीला चिकट काळा लेप. विजेच्या केबलच्या तोंडातही तेच. वास घेतला. हा वास आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. भावाच्या ट्रकच्या चाकांना लावतात ते ग्रीस.

वडील पडवीत बसून सुपारी कातरत होते. मी त्यांच्यासमोर टाचणी धरली.

"बाबा, तुम्ही माझ्या मशीनला हात लावला होता?"

"हात कशाला लावीन?" त्यांनी टाचणीकडे बघितलं. "ग्रीस लावलं व्हतं."

"कधी?"

"गेल्या साली, पावसाच्या आधी. लावतो ना मी सगल्याला."

ते लावतात. हे मला सांगायला हवं. मिठागरावर लोखंड टिकत नाही, एका पावसात कुदळीची पात कागदासारखी होते. म्हणून सीझन संपला की बांधावरची सगळी माणसं आपापली हत्यारं घेऊन बसायची आणि लोखंडाचा प्रत्येक तुकडा तेलानं, नाही तर ग्रीसनं माखायची. मिठागर गेलं, पण वडिलांचा हात राहिला. दर वर्षी पावसाच्या तोंडावर ते ट्रकमधला ग्रीसचा डबा घेतात आणि घरभर फिरतात. दाराच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, पंपाचे बोल्ट, आईची विळी. विळीवरून दर वर्षी भांडण होतं. आणि माझं कॅबिनेट तर एका बाजूनं उघडंच होतं.

"कुठे कुठे लावलंत?"

"जिथं उघडं दिसलं तिथं. वायरींची तोंडं मोकली व्हती, ती भरली. पलीकडं भोकं व्हती, तीपन भरली. खारा वारा आत जातो ना. न्हायतर एका सालात सडला असता तुझा डबा."

"मला विचारलं का नाही?"

"तू पेनला गेली व्हतीस. आनि इचारायचं काय? तू मला इचारून फोटो करतीस?"

"बाबा, हे विजेचं यंत्र आहे. कुदळ नाही!"

"लोखंड ते लोखंड."

"ते लोखंड नाहीये! तिथे तांब्याच्या पट्ट्या असतात, एकीला दुसरी टेकायला लागते, मधे हे गेलं की टेकत नाही. माझं काम जातंय. कळतंय का? सगळं काम जातंय. मी तीन वेळा अलिबागला गेले, दुकानात लोक मला हसले, आणि हे सगळं तुमच्या ग्रीसमुळं!"

मी इतकी ओरडले की शेजारच्या काकी कुंपणापर्यंत आल्या.  वडिलांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग पुसून काढ ना. वरडतीस कशाला? घान लागली तर पुसायची."

 मी आत आले. खुर्चीत बसले. राग वडिलांवर होता आणि नव्हताही. दुकानदारावर होता, ज्यानं वाकून बघितलं नाही. खोट्या झाडाच्या त्या माणसावर होता, ज्याला खारा वारा म्हणजे काय ते माहीत नाही. टॉर्चच्या उजेडात मला अजून एक दिसलं होतं, ते मी वडिलांना सांगितलं नाही, कारण सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हते. कॅबिनेटच्या पत्र्याला जिथे त्यांचं बोट फिरलं होतं तिथे पत्रा नवा होता. जिथे फिरलं नव्हतं तिथे तपकिरी पापुद्रे निघत होते.

नाक्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे सर्किट साफ करायचं पाण्यासारखं औषध असतं, लावलं की उडून जातं. सोमवारी सकाळी मी ते मागायला गेले, सोबत काळी झालेली केबल घेऊन, कारण त्यानं विचारलं असतं. त्यानं केबल नाकाशी नेली आणि खो-खो हसला.

"हे काय आहे ताई? मशीन पंक्चरवाल्याकडे दिली होती काय? कुणाची ही अक्कल?"

"माझीच," मी म्हटलं. "औषध देतोस ना?"

ती सकाळ गेली भोकं साफ करण्यात. जुना दात घासायचा ब्रश, कानात घालायच्या काड्या, आणि ते औषध. वर्षभराच्या धुळीनं ग्रीस घट्ट झालं होतं. एक पट्टी स्वच्छ झाली की शेजारच्या पट्टीवरचं तिच्यावर यायचं. मान आखडली. औषधाच्या वासानं डोकं चढलं. एकदा हात घसरला, ब्रशचा केस आत अडकला, तो काढायला चिमटा शोधण्यात वेळ गेला. वडील दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी टेबलफॅन उचलून नीट माझ्या समोर लावला आणि गेले.

सगळं वाळू दिलं. दोन्ही डिस्क लावल्या. चालू केलं. दोन्ही दिसल्या. नक्कल करायला लावली आणि या वेळी चहा करायला उठले नाही, तिथेच बसून राहिले. मधेच वीज जाईल असं सारखं वाटत होतं. वीज गेली नाही, त्या दिवशी तेवढी मेहेरबानी झाली. नक्कल पूर्ण झाली. जुनी डिस्क काढली, नवी तिच्या जागी, मशीन पुन्हा चालू केलं. हळदीचा एक फोटो उघडायला दिला आणि सवयीनं खुर्चीत मागे टेकले. पाठ खुर्चीला लागायच्या आत फोटो समोर होता. मी तो बंद केला, परत उघडला. परत बंद, परत उघडला. करकर नाही, गोल नाही. नवरीच्या गालावरची हळद जशी होती तशी.

आनंद झाला असं म्हणायला हवं. खरं सांगायचं तर आधी चीड आली. इतकी वर्षं मी त्या गोलासमोर घालवली होती.

त्यानंतर मी कामाला बसले ते बसले. फोटो पुढे सरकत होते आणि पहिल्यांदाच माझा हात मशीनच्या मागे पडत होता. पानं तयार झाली तेव्हा अल्बम छापणाऱ्या लॅबला पाठवायला नेट चालेना, म्हणून भावानं ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि पनवेलला भाडं टाकायला जाताना लॅबमध्ये दिली. जाताना म्हणाला, "टायर बरा निघाला तुझा."  त्या बेलापूरच्या माणसाला त्यानं काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण तो विषय त्याच्या तोंडून परत निघाला नाही.

बांधून आलेला अल्बम मालकांनी स्वतः थळला नेला आणि तिथूनच मला फोन केला. मागे बायकांचा गोंगाट होता. "उशीर झालाच तुम्हाला," ते म्हणाले. "काल हवा होता. पण मुलगा अजून घरात आहे, आणि आई बघतेय. पिवळा बरोबर आलाय म्हणतात."

"आणि पुढची लग्नं?"

"पाठवतो ना. किती होतील तुमच्याकडून?"

"सगळी," मी म्हटलं.

त्या सीझनची त्यांची सगळी लग्नं मी केली, माझ्या घरी, माझ्या टेबलावर, त्याच जुन्या मशीनवर, आणि एकाही अल्बमला उशीर झाला नाही. बेलापूरला मी गेले नाही.